एकदाच लग्न करणारी माशी

या मुलांनो, बसा. आज गोष्ट आहे एका माशीची आणि एका इवल्याशा हरणाची. माशीची कसली गोष्ट, असं वाटतंय ना? पण याच माशीने अमेरिकेतल्या गुराख्यांना पिढ्यान् पिढ्या रडवलं. तिला हरवायला माणसांना विमानं उडवावी लागली, कारखाने काढावे लागले. आणि शेवटी तिला हरवलं कुणी? दुसऱ्या माश्यांनी. कसं ते सांगतो, पण आधी थोडं उत्तरेकडे जाऊन येऊ.

नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या बर्फाळ माथ्यावर रेनडिअर नावाची हरणं राहतात. त्यांच्यामागे दोन माश्या हात धुऊन लागलेल्या असतात. पहिली त्यांच्या केसांना अंडी चिकटवते. अंड्यातून निघालेली अळी कातडी भेदून आत शिरते, सरकत सरकत पाठीपर्यंत येते, श्वासासाठी कातडीला बारीकसं भोक पाडते आणि अख्खा हिवाळा तिथल्या उबेत काढते. बाहेर सगळं गोठलेलं असतं आणि ही रेनडिअरच्या पाठीत सुखाने वाढत असते. दुसरी माशी अंडी घालतच नाही. तिच्या पोटातच अंडी फुटतात आणि ती उडता उडता रेनडिअरच्या नाकपुडीवर जिवंत अळ्यांची पिचकारी मारते. त्या अळ्या नाकातून घशात उतरतात आणि थंडीभर तिथेच दडून बसतात. वसंत आला की भराभर फुगतात. मग रेनडिअर बिचारं खोकून खोकून, शिंकून शिंकून हैराण होतं आणि अळ्या जमिनीवर पडतात. त्या मातीत कोष करतात आणि उन्हाळ्यात कोषातून माशी बाहेर येते. या मोठ्या माशीला खायला धड तोंडच नसतं! जे काही खायचं ते अळीपणी खाऊन झालेलं. पुढचं थोडकं आयुष्य जोडीदार शोधायचा आणि रेनडिअर शोधायचं, एवढंच तिचं काम.

रेनडिअर या माश्यांना चळाचळा कापतात. उन्हाळ्याच्या गरम दुपारी एवढीशी गुणगुण कानावर आली की ती पाय आपटतात, नाक जमिनीला टेकवतात आणि डोंगरावर उरलेल्या बर्फाच्या पट्ट्याकडे धावत सुटतात, कारण गारठ्यात आणि वाऱ्यात माशीला उडवत नाही. त्या धावपळीत चरायचं राहून जातं आणि जनावर रोडावतं. पण सहसा मरत नाही. त्यात माशीचाही स्वार्थ आहे. अळ्या बाहेर पडायच्या आत रेनडिअर मेलं तर अळ्याही मेल्या. हजारो वर्षं एकमेकांच्या सोबतीने काढल्यावर दोघांनी एक मर्यादा पाळलेली असते. एक कुरतडतो, दुसरा सोसतो, आणि दोघंही जगतात.

खरी पंचाईत होते ती अळी चुकीच्या अंगात शिरली की. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला फिनमार्क नावाचा भाग आहे. तिथे 2011 ते 2016 या काळात 39 माणसांच्या अंगात ही रेनडिअरची अळी सापडली, आणि त्यात बहुतेक तुमच्यासारखी मुलं होती. माशीने त्यांच्या केसांत अंडी घातली होती. अळीला वाटलं आपण रेनडिअरच्या अंगात आहोत, पण तिला ओळखीची वाट काही सापडेना. म्हणून ती कातडीखाली भटकत राहिली. आज कपाळावर सूज, उद्या पापणीवर. अशी अळी डोळ्यात शिरली तर दृष्टी जाऊ शकते. औषध आहे, पण डॉक्टरला हा रोग आधी ओळखता यायला हवा.

हे लक्षात ठेवा, कारण आपल्या गोष्टीतली माशी याहून फार वेगळी आहे. तिला ओळखीचं अंग लागत नाही. गाय, बकरी, कुत्रा, माणूस, हरीण, कुणीही चालतं. आणि मर्यादा हा प्रकार तिला ठाऊकच नाही.

आता चला दक्षिणेकडे. अमेरिकेच्या नकाशात फ्लोरिडा शोधा. त्याच्या टोकाशी समुद्रात बेटांची एक लांबलचक माळ आहे. त्यातल्या बिग पाइन की या बेटावर आणि आसपासच्या बेटांवर एक हरीण राहतं, की डिअर. अमेरिकेत सगळीकडे आढळणाऱ्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचीच ही सगळ्यात लहान जात. शेवटचं हिमयुग संपलं, बर्फ वितळलं, समुद्र वर चढला आणि काही हरणं बेटांवर अडकली. बेटावर खायला थोडं, गोडं पाणी त्याहून थोडं. पिढ्यामागून पिढ्या गेल्या आणि हरणं लहान लहान होत गेली. आज त्यांचा पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटर भरतो, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या भेकराएवढा. पाडस जन्मतं तेव्हा त्याचं वजन दोन किलोसुद्धा नसतं. खारफुटीची पानं खातात आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चक्क पोहत जातात.

एवढ्याशा जिवाला माणसाने काही कमी छळलं नाही. शिकारी कुत्री सोडून त्यांना पाण्यात हाकलायचे आणि पोहणाऱ्या हरणांना मारायचे. 1934 साली डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने ही कत्तल चित्रात दाखवली, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष गेलं. तरीही 1950 च्या सुमारास जेमतेम काही डझन हरणं उरली होती. 1957 साली तिथे अभयारण्य झालं, पहारा बसला, आणि हळूहळू कळप वाढला. गाड्यांखाली येऊन दरवर्षी कितीतरी मरतात, कारण बेटांच्या मधूनच मोठा हमरस्ता जातो. तरीसुद्धा संख्या हजाराच्या आसपास पोचली. साऱ्या जगात या जातीची हरणं फक्त इथेच आहेत.

आणि मग 2016 चा उन्हाळा आला. अभयारण्यातल्या लोकांना काही नर विचित्र दिसू लागले. कुणाच्या मानेवर, कुणाच्या डोक्यावर भली मोठी जखम, आणि ती जखम आतून हलत होती. पहिल्यांदा वाटलं, नर झुंजले असतील. शिंगाला शिंग भिडलं की ओरखडे येतातच. पण ओरखडे भरून येतात, या जखमा दिवसागणिक खोल होत चालल्या होत्या. अळ्या तपासायला पाठवल्या. 30 सप्टेंबर 2016 रोजी अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तपासणीत नक्की झालं की हा स्क्रूवर्म आहे. फ्लोरिडात तो पन्नासहून अधिक वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

स्क्रू म्हणजे आपला पेचाचा खिळा. ही अळी जखमेत डोकं खाली करून मांस पोखरत आत आत जाते, म्हणून तिला हे नाव. तिची आई दिसायला सुंदर असते हो! निळसर हिरवं चकचकीत अंग, पाठीवर तीन गडद रेघा, तांबूस डोळे. साध्या माश्या मेलेल्या, सडलेल्या मांसावर अंडी घालतात. त्या घाण साफ करतात, त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत. ही मात्र जिवंत प्राण्याची ताजी जखम शोधते. गोचीड चावल्याची खूणसुद्धा तिला पुरते. जखमेच्या कडेला दोन-तीनशे अंडी घालते. दिवसाभरात अळ्या निघतात आणि जिवंत मांस खायला लागतात. जखम मोठी होते, तिचा वास सुटतो, त्या वासाने आणखी माश्या येतात. पाच-सात दिवसांत अळ्या पोट भरून गळून पडतात आणि मातीत कोष करतात. त्यांचं काम झालेलं असतं. प्राण्यावर उपचार झाले नाहीत तर आठवडा-दोन आठवड्यांत तो मरतो.

सर्वात वाईट काय, सांगू? नुकत्याच जन्मलेल्या पाडसाची ओली नाळ या माशीला फार आवडते. टेक्ससमध्ये ही माशी होती त्या काळी हरणांची कितीतरी पाडसं जन्मल्या जन्मल्या मरत. माशी गेली आणि तिथली हरणं भराभर वाढली.

आता विचार करा. बेटांवर हरणं साधारण हजार. शरद ऋतू म्हणजे नरांच्या झुंजीचा काळ, म्हणून ताज्या जखमा भरपूर. आणि एप्रिल-मे आला की पाडसं जन्मणार. तोवर माशी तिथे राहिली तर काय होईल? सगळ्यांच्या पोटात गोळा आला तो यामुळे.

पहिलं काम म्हणजे औषध. रानातल्या हरणाला गोळी कशी द्यायची? पावाच्या तुकड्यात. एरवी की डिअरला खायला घालणं हा गुन्हा आहे. हरणं माणसाळली की रस्त्यावर येतात आणि गाडीखाली मरतात. पण या वेळी बेटावरचे रहिवासी, निवृत्त माणसं, शाळेतली मुलंबाळं असलेल्या बाया, सगळे पुढे आले. अभयारण्याच्या लोकांबरोबर ते औषध घातलेला पाव घेऊन हरणांमागे फिरू लागले. कुणाला औषध मिळालं हे कळावं म्हणून हरणाच्या अंगावर रंगाची खूण करायची. बेटांवरून बाहेर जाणाऱ्या रस्त्यावर तपासणी नाके उभे राहिले. तिथे गाडीतलं प्रत्येक कुत्रं-मांजर तपासल्याशिवाय पुढे सोडत नसत. न जाणो, एखाद्या कुत्र्याच्या कानातून अळी मुख्य भूमीवर पोचली तर! आणि ज्या हरणांची जखम मेंदूपर्यंत गेली होती, त्यांना शांतपणे मरण द्यावं लागलं. वर्षानुवर्षं ज्यांनी ती हरणं जपली, त्यांनाच ते करावं लागलं. मला यातलं सर्वात जड काम तेच वाटतं.

पण औषधाने माशी संपत नाही. माशी संपवायची युक्ती जुनी होती. ती ज्याला सुचली तो माणूस मला फार आवडतो.

त्याचं नाव एडवर्ड निपलिंग, टेक्ससच्या शेतकऱ्याचा मुलगा. गुरांच्या जखमांतल्या अळ्या त्याने लहानपणापासून पाहिलेल्या. पुढे तो कीटकशास्त्रज्ञ झाला आणि सरकारी प्रयोगशाळेत या माशीवर काम करू लागला. तिथे त्याचा सहकारी होता रेमंड बुशलंड. प्रयोगशाळेत किमा, रक्त आणि पाणी एकत्र करून त्यात या अळ्या वाढवता येत होत्या. पिंजऱ्यातल्या माश्यांकडे पाहता पाहता निपलिंगच्या लक्षात एक गोष्ट आली. नर पुन्हा पुन्हा जोडी जमवतो. मादी मात्र आयुष्यात एकदाच. लग्न एकदा झालं की झालं, पुन्हा ती कुणाकडे ढुंकून पाहत नाही.

हे कितीजणांनी पाहिलं असेल! पण निपलिंगने 1937-38 च्या सुमारास पुढचा विचार केला. मादी एकदाच लग्न करणार असेल, आणि तो एकमेव नवरा असा असेल की ज्याच्यापासून अंडी फळणारच नाहीत, तर? ती आयुष्यभर अंडी घालेल, पण त्यातून एकही अळी निघणार नाही. असे वांझ नर कोट्यवधी तयार करून रानात सोडले तर माशीचा वंशच खुंटेल. अनेकांना ही कल्पना वेडगळ वाटली. नर वांझ करायचे कसे, हे त्यालाही माहीत नव्हतं. मध्येच महायुद्ध आलं आणि काम बाजूला पडलं.

हर्मन मुलर या शास्त्रज्ञाने क्ष-किरणांनी फळमाश्यांच्या बीजात बिघाड करून दाखवला होता. 1950 मध्ये मुलरचा लेख निपलिंगच्या वाचनात आला आणि कोडं सुटलं. बुशलंड कोष घेऊन सॅन अँटोनियोच्या लष्करी इस्पितळात गेला आणि तिथल्या क्ष-किरण यंत्राखाली त्याने ते धरले. कोषातून माश्या निघाल्या त्या धडधाकट, उडणाऱ्या, जोडी जमवणाऱ्या. फक्त पिल्लं होत नव्हती.

काय म्हणतेस चिमे? "आजोबा, कोट्यवधी माश्या सोडल्या म्हणजे माश्या वाढल्याच की!" अगदी बरोबर शंका आहे. त्याचं उत्तर हिशोबात आहे. समज, रानात शंभर नर आहेत आणि आपण नऊशे वांझ नर सोडले. आता दहांतल्या नऊ माद्यांना वांझ नवरा मिळणार. पुढच्या पिढीत रानातले नर शंभराचे दहाच्या आसपास उरतील. आपण पुन्हा नऊशेच सोडायचे. आता दहा खऱ्यांमागे नऊशे वांझ. त्यापुढच्या पिढीत रानात एखादाही नर उरायची मारामार. कीटकनाशकाचं उलटं असतं. माश्या कमी झाल्या की उरलेल्या शोधणं कठीण होतं. इथे माश्या जितक्या कमी, तितकं काम सोपं, कारण उरलेल्या मादीला शोधून काढायचं काम वांझ नरच करतात. ते आपल्यापेक्षा फार हुशारीने करतात.

पहिला प्रयोग झाला फ्लोरिडाजवळच्या सॅनिबेल बेटावर. माश्या घटल्या, पण बेट मुख्य भूमीला इतकं जवळ की बाहेरच्या माश्या उडत येत राहिल्या. मग 1954 मध्ये व्हेनेझुएलाजवळच्या क्युरासाव बेटाची निवड झाली. तिथे चहूकडे समुद्र आणि शेळ्यांच्या जखमांत अळ्याच अळ्या. विमानातून वांझ माश्या टाकल्या आणि काही महिन्यांत बेटावरची माशी नाहीशी झाली. पुढे फ्लोरिडात सेब्रिंग इथे विमानतळाच्या जुन्या जागेत माश्यांचा कारखाना उभा राहिला. तिथे आठवड्याला पाच कोटी माश्या तयार होत आणि कोबाल्टच्या किरणांनी त्या वांझ केल्या जात. 1959 मध्ये फ्लोरिडा मोकळा झाला. मग टेक्सस, मग मेक्सिको, मग मध्य अमेरिकेतला एकेक देश. 2006 पर्यंत ही माशी पनामाच्या पलीकडे ढकलली गेली. निपलिंग आणि बुशलंड यांना 1992 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. माझ्या मते गेल्या शतकात कीटकशास्त्रात याहून सुंदर काम झालेलं नाही. सुंदर अशासाठी की यात विष नाही. फुलपाखराला धक्का नाही, मधमाशीला नाही. फक्त त्या एका माशीच्या एका सवयीवर बोट ठेवलेलं.

आता परत आपल्या हरणांकडे. पनामातल्या कारखान्यातून वांझ कोष विमानाने फ्लोरिडाला येऊ लागले. ऑक्टोबर 2016 पासून बेटांवर ठिकठिकाणी ते ठेवले जाऊ लागले. कोषातून माश्या निघायच्या आणि रानात पांगायच्या. काही महिन्यांत अशा अठरा कोटींहून अधिक माश्या सोडल्या गेल्या. जखमी हरणं कमी झाली, मग दिसेनाशी झाली. जानेवारीत मुख्य भूमीवर एका कुत्र्याच्या अंगात अळी सापडली आणि सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला. लगेच तिथेही माश्या सोडल्या. 23 मार्च 2017 रोजी जाहीर झालं, माशी गेली. पाडसांचा हंगाम अगदी तोंडावर आला होता. 135 हरणं गेली, जवळजवळ आठांतलं एक. बाकीची वाचली, आणि त्या वसंतातली पाडसं कोरड्या, निरोगी नाळेनिशी मोठी झाली. त्याच सप्टेंबरात इर्मा नावाचं भयंकर चक्रीवादळ त्याच बेटांवर येऊन आदळलं. कळप त्यातूनही तरला.

माशी तिथे आली कशी, याचा छडा लागला नाही. क्युबासारख्या शेजारच्या बेटांवर ती आजही आहे. एखाद्या बोटीतून, एखाद्या कुत्र्याबरोबर आली असेल.

थोरला मघापासून काहीतरी विचारायचं म्हणतोय. "आजोबा, माशी पण निसर्गाचीच ना? तिला संपवायचा हक्क कुणी दिला?" प्रश्न साधा नाही, आणि शास्त्रज्ञही त्यावर वाद घालतात. माझं मत सांगतो. दक्षिण अमेरिकेत ही माशी अजून कोट्यवधींनी आहे, तिथे तिचा वंश चालू आहे. पण ज्या हरणाला समुद्राने बेटांवर कोंडलं आणि माणसाने मारत मारत संपवत आणलं, त्याला पळायला जागा उरलेली नाही. त्याच्या बाजूने उभं राहणं हे आपण त्याचं देणं लागतो. मी हरणाच्या बाजूचा आहे.

लढाई मात्र संपलेली नाही. 2023 मध्ये पनामात या माशीच्या घटना एकदम हजारोंनी वाढल्या आणि तिला पनामापलीकडे रोखून धरणारा वांझ माश्यांचा अडसर मोडला. गुरांची चोरटी ने-आण हे त्याचं एक मोठं कारण. आजारी जनावर ट्रकमधून एका रात्रीत इतकं दूर जातं की माशीला उडत जायला कैक पिढ्या लागल्या असत्या. नोव्हेंबर 2024 मध्ये ती मेक्सिकोत सापडली. पनामाचा कारखाना आता आठवड्याला दहा कोटींच्या घरात वांझ माश्या काढतो, आणि त्याही पुरेनाशा झाल्या आहेत.

आपल्या देशात ही माशी नाही, पण तिच्यासारखंच वागणारी आशिया-आफ्रिकेतली माशी आहे. क्रायसोमिया बेझियाना हे तिचं शास्त्रीय नाव. तीही जिवंत प्राण्याच्या जखमेतच अंडी घालते. गावाकडे बैलाच्या खांद्याला, गाईच्या खुरात, कुत्र्याच्या कानात अळ्या पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. जुनी माणसं सीताफळाचा पाला वाटून त्यावर लावत. तो लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. आत खोल गेलेल्या अळ्या चिमट्याने एकेक काढाव्या लागतात, जखम धुवावी लागते, आणि ते जनावरांच्या डॉक्टरचं काम आहे. म्हणून गोठ्यात वासरू जन्मलं की पहिल्याच तासात त्याच्या नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. रस्त्यावरच्या कुत्र्याची जखम हलताना दिसली तर नाक मुरडून पुढे जाऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, आणि उद्यावर टाकू नका. अंड्यातून अळी निघायला पुरता एक दिवससुद्धा लागत नाही.